पुस्तक सरळ धर!

नणंदेने पुस्तक पुढे केलं तेव्हाच मला पुढचं दिसलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. समोर मूल दिसलं की तिचा हात आपोआप पुस्तकाकडे जातो.

"वाच बरं एक पान," ती माझ्या लेकीला म्हणाली.

लेक आठ वर्षांची. सारखी काहीतरी गुणगुणत असते म्हणून घरात सगळे तिला भुंगा म्हणतात. भुंगाने पुस्तक घेतलं, फिरवलं आणि चक्क उलटं धरलं.

"अगं, सरळ धर!"

भुंगाने सरळ केलं आणि पानाकडे नुसती बघत बसली. तोंडातून एक अक्षर फुटेना. मग तिचे कान लाल झाले आणि ती आतल्या खोलीत पळाली.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. हातात पुस्तक दिलं की पोरगी आधी ते उलटं करणार, मग मी ओरडणार, माझं झालं की नवरा ओरडणार, आणि ती गप्प. रस्त्यावरच्या पाट्याही वाचायची नाही. एवढ्या मोठ्या मुलीला पुस्तक कसं धरायचं ते कळत नाही, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? तिला घरी शिकवायचा हट्ट माझाच. शाळेत होती तेव्हा रोज सकाळी तिचं पोट दुखायचं, आणि हळूहळू वर्गात तिने बोलणंच बंद केलं. अक्षरं शिकायच्या आधीच मी तिला काढून आणलं. माझ्या मुलीला मी शिकवीन, असं चारचौघांत तोऱ्यात सांगितलं होतं. आता बोला!

"वहिनी, राग मानू नकोस," नणंद हळू आवाजात म्हणाली, "पण आता वाट बघण्यात अर्थ नाही. उद्या तिला माझ्या शाळेत घेऊन ये. पहिलीत बसवू. मी आहे ना तिथे."

पहिलीत, म्हणजे सहा वर्षांच्या पोरांबरोबर. जिला आपल्या वयाच्या मुलांत तोंड उघडवत नव्हतं, ती तिथे काय करणार होती? पण मी मान डोलावली. नवऱ्याने तोंडापुढे पेपर धरला. बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. शाळेला निघण्याआधी मला एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर पुरं करायचं होतं. माझं शिवणकाम घरातच चालतं. कापायच्या मोठ्या टेबलाच्या एका बाजूला मी, माझ्या शेजारी मशीन आणि कपड्यांचे ढीग, त्यामुळे भुंगाला जागा उरते ती समोरचीच. आमची शाळा तीच. पुस्तक माझ्यापुढे उघडं, वर कात्रीचं वजन. मी शिवणीच्या खडूने ओळ दाखवत मोठ्याने वाचणार, ती पलीकडून बघत ऐकणार.

त्या दिवशी ती इस्त्रीचा फ्रॉक घालून अगदी शहाण्यासारखी बसली होती. गुणगुणतही नव्हती. तेच मला बघवेना.

"आई, एक गोष्ट वाच. मग जाऊ."

नणंदेचं कालचं पुस्तक तिथेच पडलं होतं. मी मधलंच पान उघडलं. सायकल शिकणाऱ्या एका हत्तीची गोष्ट होती. मी वाचू लागले. हत्ती पडतो, पुन्हा पडतो, सगळे हसतात. "हत्ती घरी आला आणि..." इथे मला अक्षरं दिसेनात. डोळ्यांना लावायला दुसरं काही सापडलं नाही, म्हणून गिऱ्हाइकाचा कोट लावला.

"...आणि आईला म्हणाला, मी उद्या जाणार नाही," समोरून आवाज आला. "आई म्हणाली, नको जाऊस. आधी गुडघ्याला मलम लाव."

मला वाटलं, पोरगी मनाचं जोडून सांगतेय. मी पानाकडे पाहिलं. शब्दन् शब्द तोच!

"ही गोष्ट तुला कुणी सांगितली?"

"कुणी नाही. हे काय, लिहिलंय इथे."

मी घाईघाईने पानं उलटून भलतीच गोष्ट काढली. ती वाचू लागली. एका जोडाक्षराला अडखळली, मागे आली, पुन्हा वाचलं, पुढे गेली. मी पुस्तक उचलून तिच्या बाजूने सरळ केलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"आता वाच."

तिचा चेहरा पडला. "आता तू उलटं केलंस."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी नणंदेला फोन लावला. "अगं, ही वाचते! टेबलाच्या पलीकडून वाचते! हिला अक्षरं उलटीच येतात!"

ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अगं वहिनी, समोर बसवून शिकवलंस होय तिला? आमच्या वर्गात सगळी पोरं एकाच दिशेला तोंड करून बसतात, माझ्या डोक्यात हे येणार कुठून? रोज पुस्तक थोडं थोडं वळव. आधी आडवं, मग सरळ. जमेल तिला."

"आणि पहिलीचं काय?"

"कसली पहिली? बसू दे घरी!"

माझा जीव भांड्यात पडला. मी खुर्चीत बसले आणि तिथेच हसले, रडले, जे यायचं ते सगळं येऊ दिलं.

"सांगितलं का नाहीस गं मला?" मी विचारलं.

"सांगू कसं? मी पुस्तक नीट केलं की तुम्ही सगळे ओरडता." ती खाली बघून म्हणाली. "मला वाटलं, मी वाचते ते वाचणं नसतंच."

मी टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेले.

"मग शाळेत नाही जायचं?"

"नाही."

"आणि मी चुकत नव्हते?"

"तू नाही राणी. आम्ही चुकत होतो."

तिने पुस्तक जवळ ओढलं. दोन्ही हातांनी फिरवून तिला हवं तसं, उलटं ठेवलं, आणि मी ओरडते का ते बघायला मान वर केली. मी ओरडले नाही. मग ती वाचायला लागली.