तळघराला सांगायचं राहिलं

नोटबुर्गा आजी गेल्या तेव्हा त्यांच्या जिरेनियमच्या कुंड्या नुकत्याच तळघरात उतरवल्या होत्या. टिरोलमधल्या आमच्या खोऱ्यात पहिलं हिम पडायच्या आत सगळेच तसं करतात. फांद्या छाटायच्या, कुंड्या बटाट्यांच्या खोक्यांशेजारी मांडायच्या आणि हिवाळाभर जवळजवळ विसरायच्या. महिन्यातून एकदा घोटभर पाणी. जास्त झालं की मुळं कुजतात.

घरचं माणूस गेलं की जनावरांना सांगायचं, या रीतीप्रमाणे मुलगा किलियनने गोठ्यात एकेका गाईच्या कानाशी आणि मग मधमाश्यांच्या पेट्यांवर टकटक करून सांगितलं, "मालकीण गेली. आता मी आहे." तळघरात कोणी गेलं नाही. जिन्याच्या तोंडाशी आजींचे लाकडी बूट होते, तेही तसेच राहिले.

नाताळच्या सुमारास सून रेजिना खाली उतरली, तर माती ओलीचिंब. दोन झाडांचे बुंधे काळे पडलेले. ही झाडं आजींनी लग्नात माहेरून आणलेल्या फांद्यांची. फुलांचा तसला लाल रंग खोऱ्यात दुसऱ्या कुठल्या सज्जात नव्हता. अंथरुणावरून त्यांनी सुनेला एवढंच बजावलं होतं, "तेवढी जगव."

"किलियन, पाणी तू घालतोस?"

"मी? मला कोबी आणि फूल यातला फरक कळत नाही, असं तूच सांगत फिरतेस ना?"

तिने तळघराला कुलूप घातलं, किल्ली एप्रनच्या खिशात ठेवली. पुढच्या रविवारी माती पुन्हा ओली. खिळ्याला टांगलेल्या झारीच्या तोंडाशी थेंब लोंबत होता. तिसरा बुंधा मऊ पडला होता.

शेजारच्या फ्रोनी काकू ऐकून हसल्या नाहीत.

"गाईंना सांगितलं, माश्यांना सांगितलं. कुंड्यांना कोणी सांगितलं? सांगितलं नाही, की गेलेलं माणूस आपलं काम सोडत नाही."

"काकू, काहीतरीच! आणि आई हिवाळ्यात इतकं पाणी घालतील?"

"महिना झाला की घोटभर, हेच तिच्या डोक्यात. मेलेल्या माणसाला महिना कुठला कळतो, बाई?"

रेजिना सरळ घरी आली, खाली उतरली आणि प्रत्येक कुंडीवर बोटाने टकटक केली. "मालकीण गेली. आता मी आहे."

त्यानंतर माती सुकत गेली. उरलेले बुंधे हिरवे राहिले.

"कुंड्यांना सांगितलंस?" एकदा जेवताना किलियनने विचारलं.

"हो. का?"

"दूध काढून आलो की तळघराच्या जिन्यावर आईचे बूट वाजायचे. ऐकून बरं वाटायचं, म्हणून तुला सांगितलं नाही." त्याने चमचा खाली ठेवला. "आता वाजत नाहीत."

मार्चमध्ये कोंब फुटले आणि पाणी वाढवायची वेळ आली. रेजिनाने झारी भरली, जिन्याच्या तोंडाशी थांबली. मग आपल्या सपाता काढून तिने सासूच्या लाकडी बुटांत पाय घातले.

स्वयंपाकघरात किलियन वर न बघता बसून होता. पायरीवर पहिला ठोका पडला, तसे त्याने डोळे मिटले.