गाळणीत उरलेले शब्द

मी इंग्रजी शिकवते आणि मला चुका खपत नाहीत. पूर्वी हे मी ताठ मानेने सांगायचे, हल्ली जरा दबकत सांगते.

सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांना लागून असलेल्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनला माझा मोठ्या माणसांचा वर्ग भरतो. सात कॉम्प्युटर, त्यांतले पाच चालू. प्रत्येकाने सहामाहीच्या शेवटी कॉम्प्युटरवर एक गोष्ट करायची असते. तीन मिनिटांची, चित्रं आपण जमवलेली, आवाज आपला, भाषा इंग्रजी. वर्षानुवर्षं व्याकरण घोकूनही ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, अशी माणसं स्वतःची गोष्ट सांगताना बोलायला लागलेली मी पाहिली आहेत.

गोष्ट लिहून झाली की ती गाळणीतून जायची. गाळणी हे वर्गाने ठेवलेलं नाव. ते शब्द तपासायचं एक साधन आहे. त्यात मजकूर टाकला की रोजच्या वापरातले हजार शब्द हिरवे दिसतात, त्यापुढचे पिवळे, आणि क्वचित भेटणारे लाल. पान हिरवंगार झाल्याशिवाय आवाज रेकॉर्ड करायचा नाही, हा माझा नियम. अवघड शब्दावर जीभ अडखळली की बोलणारा घाबरतो आणि ऐकणारा कंटाळतो. बरीच वर्षं या नियमाने माझं आणि वर्गाचं उत्तम चाललं होतं.

त्या सहामाहीत वर्गात एक कुलूपवाले काका होते. वय सदुसष्ट. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं एवढंसं दुकान, किल्ल्या करून द्यायचं आणि कुलपं दुरुस्त करायचं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना इंग्रजी कशाला शिकायचं ते विचारलं. कुणाला बढती हवी होती, कुणाला परीक्षा द्यायची होती.

काका म्हणाले, "नातीशी बोलायचंय."

त्यांना एकच मुलगी. तिला सगळे बारकी म्हणत. ती लग्न करून परदेशी गेली आणि पाच वर्षांपूर्वी तिकडेच आजारपणात वारली. नात तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. जावई आपल्या भाषेतला नाही, त्यामुळे पोरीला इंग्रजीशिवाय काही येत नाही. दर रविवारी फोनवर ती आजोबांना "हॅलो" म्हणते, "मी मजेत आहे" म्हणते आणि पळते. अलीकडे जावयाने कळवलं होतं, की ती आईबद्दल विचारायचीच थांबली आहे. तिला आई आठवत नाही असं वाटतं.

काका मला म्हणाले होते, "बाई, तिला आईबद्दल सांगणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. आणि मला तिची भाषा येत नाही. मी आहे तोवर हे झालं पाहिजे."

तीन आठवडे डिक्शनरीशी झटून त्यांनी इंग्रजीत पानभर लिहून आणलं. अक्षर मोठं, रेघा सोडून गेलेलं. बारकीने अकराव्या वर्षी पहिली किल्ली कापली. खाचा घासायची कानस चालवताना ती श्वास रोखून धरायची. पितळेचा कीस तिच्या भुवयांवर बसायचा, तो घेऊनच ती जेवायला यायची. मशीनवर कापलेली किल्ली तापलेली असते. एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं बोट पोळलं, तेव्हापासून बारकी प्रत्येक किल्ली आधी स्वतःच्या गालाला लावायची. पाच आकडे मोजेपर्यंत गालाला सहन झाली, तरच गिऱ्हाइकाच्या हातात.

मी ते पान गाळणीत टाकलं. पितळ लाल, कीस लाल, कानस लाल, किल्लीची खाच लाल. भुवया आणि गाल पिवळे.

मी त्यांच्या शेजारी बसून पान स्वच्छ केलं. पितळेचं 'मेटल' केलं. कीस आणि भुवयांचं वाक्य काढलंच. गालाच्या सगळ्या भानगडीऐवजी लिहिलं, 'ती फार काळजीपूर्वक काम करायची.' शेवटी 'ती चांगली मुलगी होती, ती सर्वांना आवडायची.' पान हिरवंगार झालं. काकांनी ते दोनदा वाचलं.

"बाई, ते गालाचं गेलं का?"

"तेच सांगितलंय, काका, सोप्या शब्दांत. लहान मुलीला कळायला नको का?"

"हो, ते पण खरंच," ते म्हणाले. "तुम्हाला जास्त कळतं."

एवढ्यावर मी थांबले असते तरी ठीक होतं. त्यांच्याकडे दुकानातला बारकीचा एकच फोटो होता. त्यात ती कामावर वाकलेली, कपाळ आणि केस तेवढे दिसत होते. चेहराच नाही तर उपयोग काय, म्हणून मी तो बाजूला ठेवला आणि इंटरनेटवरून एका हसऱ्या मुलीचं चित्र घेतलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी पंखासुद्धा बंद केला. काका घामाघूम होऊन एकेक वाक्य बोलले, एकही चूक न करता. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सहामाहीतलं सर्वांत चांगलं काम, असं मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, आणि काकांनी गोष्ट जावयाला पाठवून दिली.

पुढच्या मंगळवारी ते लवकर आले आणि फोन माझ्यासमोर ठेवला. "जावयाचं उत्तर आलंय. अर्थ लागतोय मला, पण तुम्ही एकदा वाचा. माझं चुकत असलं तर बरं."

उत्तर थोडक्यात होतं. गोष्ट छान आहे, तुमचं इंग्रजी ऐकून आनंद झाला. मग एक ओळ होती. तुमच्या नातीने ती एकदा पाहिली आणि मला विचारलं, आजोबा माझ्या आईला ओळखत होते का?

मी ती ओळ वाचली. परत वाचली. त्यांचं काहीही चुकत नव्हतं.

"पोरगी बरोबर बोलली," काका म्हणाले. "त्या गोष्टीत बारकी नव्हतीच."

आवाजात राग असता तर मी काहीतरी बोलून सुटले असते. मला उत्तर द्यायची खोड आहे, वर्गात मी कुणाला ऐकून घेत नाही. पण राग नव्हता, आणि मला इतकी लाज वाटली की समोरचा कॉम्प्युटर उगीचच बंद करून पुन्हा सुरू केला. त्यांची मुलगी त्यांनी तीन आठवडे खपून शब्दाशब्दाने कागदावर आणली होती, आणि मी ती तासाभरात पुसून टाकली होती. वर तिच्या जागी कुठली तरी परकी पोर बसवली होती.

"काका, पहिलं पान आहे ना तुमच्याकडे?"

त्यांनी खिशातून काढलं. घडीवर घडी घातलेलं.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. हे वाक्य मला सवयीचं नाही. "शुक्रवारी येताना कानस घेऊन या. पितळही आणा."

शुक्रवारी ते पिशवी भरून सामान घेऊन आले. न कापलेल्या किल्ल्या, दोन कानशी, टेबलाला पकडणारा लोखंडी चिमटा आणि तो फोटो. मी नवी रीत ठरवली. लाल शब्द काढायचा नाही. तो आला की थांबायचं, वस्तू कॅमेऱ्यासमोर धरायची, शब्द दोनदा म्हणायचा आणि पुढे जायचं. पितळ म्हणताना पितळ. कानस म्हणताना कानस, आणि ती चालवायचीसुद्धा. त्या आवाजाने खालून ग्रंथपाल धावत वर आले. "ही वाचायची जागा आहे की लोहाराची?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आज लोहाराची. ते माझ्याकडे बघून आल्या पावली खाली गेले, म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल ते समजा.

कीस कागदावर जमला. काकांनी चिमूटभर उचलून स्वतःच्या भुवईवर लावला आणि इंग्रजीत सांगितलं, "अशी ती जेवायला यायची." वाक्यात दोन चुका होत्या. मी त्या राहू दिल्या.

मग त्यांनी दुकानातून कापून आणलेली एक किल्ली हातात घेतली, गालाला लावली आणि डोळे मिटून इंग्रजीत पाचपर्यंत मोजलं. तिसऱ्या आकड्याला आवाज चिरकला. ते थांबले नाहीत, मीही थांबवलं नाही. गोष्ट चार मिनिटं चाळीस सेकंदांची झाली. सवयीने मी मजकूर गाळणीत टाकून पाहिला. अकरा शब्द लाल होते. मी गाळणी बंद केली आणि गोष्ट पाठवून दिली.

पुढचे दोन वर्ग ते आले नाहीत. फोन करायचा मला धीर झाला नाही. तिसऱ्या वेळी सगळे निघून गेल्यावर दारात उभे राहिले.

"नातीने आपला व्हिडिओ पाठवलाय. भराभर बोलते, मला अर्धंच कळतं. रविवारपासून तसाच ठेवलाय. तुम्ही ऐकवा."

आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसलो. पडद्यावर नऊ वर्षांची मुलगी, हातात चमचा. ती बोलायला लागली आणि मी एकेक वाक्य थांबवून मराठीत सांगत गेले.

"ती म्हणतेय, तुमची गोष्ट चारदा पाहिली."

"हं."

"म्हणतेय, आई माझ्याबरोबर पण असं करायची. किल्लीने नाही, चमच्याने. भरवायच्या आधी चमचा गालाला लावायची. मला वाटायचं हे मी स्वप्नात पाहिलंय. बाबांना विचारलं तर त्यांना माहीत नव्हतं."

काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. बारकीने चमचाही गालाला लावला होता, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी पुढचं लावलं.

"म्हणतेय, पण तुम्ही मोजताना चुकलात. आई असं नव्हती मोजत. ती कसलेतरी वेगळेच आवाज काढायची. त्यांचा अर्थ मला येत नाही, पण ते आठवतात."

मुलीने चमचा गालाला लावला, डोळे मिटले आणि थांबत थांबत म्हणाली, "एक. दोन. तीन. चार. पाच."

एवढं मात्र मला सांगावं लागलं नाही.