बटणाचं चौथं भोक

बटणाला भोकं चार होती आणि दोरा मात्र तिनातूनच गेला होता... तिने चष्मा काढून पुसला, परत लावला. तीनच. संग्रहालयाच्या काचेपलीकडे लष्करी अधिकाऱ्याचा कोट उभा होता, आत माणूस नसतानाही छाती काढून, आणि त्याची बाकीची सगळी बटणं चारी भोकांत नीट शिवलेली. फक्त हे, खालून दुसरं...

"ताई, चल ना! तोफा पुढच्या दालनात आहेत," धाकटा भाऊ म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे. येते मी."

"या हो वन्सं, तोफेशेजारी फोटो काढायचाय तुमचा," भावजय म्हणाली. "जोडी शोभेल."

हसत दोघं गेली. ती तिथेच.

तिचे वडील, अण्णा, बटण तीनच भोकांत शिवायचे. चौथं रिकामं ठेवायचे – अडचणीसाठी, म्हणायचे. दोरा झिजला, तर काळोखात चाचपडूनही एक टाका घालता यावा माणसाला. असं शिवणारा दुसरा कुणी चाळीस वर्षांच्या शिवणकामात तिला भेटला नव्हता. ती स्वतः सोडून. म्हणजे हा टाका... आमच्या अण्णांचा? युद्धावरून आले ते बोलणं तिकडेच ठेवून आले. भाऊ तेव्हा पाळण्यात. मोठा होत गेला तशी त्याने त्या गप्प माणसाच्या हातात बंदूक दिली, मग टेकडी दिली, टेकडीवर शत्रू दिले, आणि ही मोठी बहीण, तिने कधी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, पोरगं खूश आहे तर असू दे, म्हणून शिवण पुढे सरकवत राहिली. अण्णांनी सुई धरायला शिकवली ती तिलाच. भाऊ म्हणायचा, टाके घालणं बायकी काम.

आणि आज तो तिला इथे घेऊन आला होता ते सहीसाठी. दाराशी एक जाड वही होती, सैनिकांच्या घरच्यांनी आठवणी लिहायची. भावाने येता येताच लिहून टाकलं होतं – आमचे वडील आघाडीवर लढले. खाली साक्षीला सही हवी होती, तेव्हाचं आठवणाऱ्या माणसाची. तेव्हाचं आठवणारी आता ती एकटीच उरली होती.

तर अण्णा फौजेत शिंपी होते. छावणीत, मागे, सुरक्षित, असंच ती धरून चालली होती... पण मग एकच बटण का? कोट दुसऱ्याच कुणी शिवलेला, आणि एवढं एकच तुटलेलं, घाईत लावलेलं, दोराही वेगळा, किंचित पिवळट. कुठे तुटलं – छावणीत, की पुढे आघाडीवर?

तिने पहारेकऱ्याला हाक मारली. "अहो, या कोटाची उलटी बाजू बघायला मिळेल का?"

"उलटी?"

"आतली हो. अस्तराची."

"बाई, तलवार किती किलोची, हे विचारतात लोक," तो म्हणाला. "अस्तर विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. नाही उघडता येत ते."

अस्तर दिसलं असतं तर कळलं असतं. कोट मांडीवर घेऊन शिवला, तर टाका अस्तरातून आरपार जातो. अंगात असताना शिवला, तर सुई जपून वरच्यावर न्यावी लागते, माणसाला टोचू नये म्हणून. भाऊ शाळेला निघताना अण्णा असंच शिवायचे, शर्ट अंगावर ठेवूनच. हलू नकोस, म्हणायचे, श्वास रोखून धर...

"सापडलीस! अगं, अजून कोटापाशीच?" भाऊ वहीच घेऊन आला होता, मागे भावजय. "कर सही. इथे, माझ्या नावाखाली."

पेन पुढे करणाऱ्या हाताच्या बाहीवर कालच तिने लावलेलं बटण होतं. चौथं भोक रिकामं. आयुष्यभर असली बटणं वापरली याने, आणि एकदाही मोजली नाहीत भोकं. आत्ता सांगितलं, तर टेकडी जाईल, बंदूक जाईल. आणि याला काय उरेल? काय उरेल ते तिलाही कुठे माहीत होतं; तासापूर्वी अण्णा तिला पाठ होते.

"ताई? लढले ना गं ते?"

त्याने असं विचारलं नव्हतं कधी.

"थांब जरा," ती म्हणाली. पेन तिने घेतलं होतं, पण डोळे काचेवरून हलेनात – त्या पिवळट दोऱ्यावरून. तो टाका पडत होता तेव्हा कोटाच्या आत माणूस होता का? आणि अण्णा त्यालाही म्हणाले होते का – हलू नकोस...