टिकटिक थांबल्यावर

"टिकटिक ऐकू येतेय तोवर गाडी खुशाल चालवा. ऐकू येईनाशी झाली, की मात्र झाकण उघडून व्हॉल्व्ह बघायला सांग. विसरू नकोस." दवाखान्यातल्या खाटेवरून आमचे हे एवढंच नीट बोलले होते. मी हो म्हटलं होतं.

त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. मोटरसायकल आता लेक कामावर नेते. महिन्यापूर्वी इंजिनातली ती बारीक टिकटिक बंद झाली. माझ्या कानांनी पहिल्याच दिवशी टिपलं, आणि मी गप्प बसले. त्या झाकणाखालचं, व्हॉल्व्हच्या फटीचं शेवटचं माप त्यांच्या हातचं होतं. आजारपणात, दर दोन मिनिटांनी दम खात, पातळ पट्टी फटीत सरकवून त्यांनी ते लावलं होतं. दुसऱ्या कुणाचा पाना लागला, की ते संपणार.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आवाज गेला म्हणजे इंजिन मुरलं! घरातलं माणूस गप्प झालं तर आपण सुटलो म्हणतो, आणि तुम्ही काळजी करताय!" लेक हसली. मला बरं वाटलं, म्हणून पटलंही.

मग गाडी भर चढावर बंद पडली. मागून ट्रक येत होता. लेकीनं हे जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवाल्याकडे गेले. तो यांच्याच हाताखाली शिकलेला.

"काकू, वाजणारा व्हॉल्व्ह बरा. गप्प झाला म्हणजे फट संपली. नीट मिटत नाही, मग आतून जळतो."

"पण यांनी स्वतः लावलाय रे."

"काकांनी लावला म्हणून झिजायचा थांबतो होय? उद्या सकाळी आणा. पण चालू करू नका. इंजिन गार नसेल तर माप खरं येत नाही."

आणते म्हणाले. घरी आल्यावर लेकीला सांगू सांगू म्हणत राहिले.

सकाळचा जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. पंचवीस वर्षांचा नेम. माळ निम्मी झाली होती तेव्हा लेकीनं गाडी सुरू केली. एक शब्द पुरला असता. देवाला ठाऊक आहे, मी नेमाच्या आड लपले.

दिवसभर हातातलं काम हातातच राहिलं, कान दाराकडे. ती अंधार पडताना आली.

"दोनदा बंद पडली, आई."

तेव्हा सगळं सांगितलं. ती चपला काढता काढता थांबली. "मग सकाळी का नाही बोललीस?"

"जप चालू होता."

ती पाय धुवायला आत गेली.

आज उजाडायच्या आत उठले. लेक झोपली होती. जप चालता चालता करायचा ठरवला. चावी फिरवली ती फक्त हॅण्डलचं कुलूप काढायला. इंजिनावर तळहात ठेवून पाहिला. गार होतं. स्टॅण्ड अलगद वर केला आणि गाडी ढकलत गॅरेजच्या रस्त्याला लागले.