कोऱ्या कागदातून तेवीस बाण

"काच कानांनी घासायची गं. नुसतं बघत बसलीस तर उशीर होतो. ती आधी बोलते, मग तडकते."

आत्याचा हा आवाज मी सात वर्षांची असताना ऐकला. शाळेला सुट्टी होती, घरी कुणी नव्हतं, म्हणून तिने मला कारखान्यात नेऊन स्टुलाशेजारच्या पालथ्या खोक्यावर बसवलं होतं. चष्म्याच्या काचा फ्रेमच्या मापाने घासायचा तो कारखाना. चाक फिरायचं, पाणी ठिबकायचं, आणि चाकाच्या सुरात सूर मिसळून आत्या गुणगुणायची:

काचेला लावावा कान, काच सांगते दुखणं
घाई ज्याच्या हाताला, त्याच्या नशिबी वेचणं

बावीस वर्षांनी मी त्याच कारखान्यात शिरले, एकतीस फॉर्मांचा गठ्ठा घेऊन. व्यवस्थापनाच्या प्रबंधासाठी मी सोशल नेटवर्क अ‍ॅनालिसिस शिकत होते. नाव भारदस्त, पण गोष्ट कुठल्याही चौकस शेजारणीला ठाऊक असलेली. कोण कुणाकडे धावतं, त्याचा नकाशा काढायचा. माणूस म्हणजे ठिपका, विचारणं म्हणजे बाण. ज्याच्याकडे जास्त बाण येतात, त्याच्या खांद्यावर कारखाना उभा. मग भिंतीवरच्या हुद्द्यांच्या पाटीवर त्याचं नाव असो वा नसो.

माझा प्रश्न एकच होता: काम अडलं की तुम्ही कुणाला विचारता? खाली एकतीस जणांची नावं, वरून खाली. खुणा करा, पेटीत टाका, मोकळे व्हा.

परवानगी आत्याच्या शब्दावर मिळाली. मालकांची अट एवढीच, की नकाशा आधी त्यांना दाखवायचा. नदीपलीकडे दुसरा कारखाना सुरू होणार होता आणि तिथला मुख्य कुणाला करायचं, या विचाराने त्यांचं डोकं पोखरलं होतं. आमच्या घराला वाटायचं, जागा आत्याचीच. सव्वीस वर्षं झाली तिला. तिला विचारलं की ती म्हणायची, "मला काय करायचीय खुर्ची? स्टूल बरं. पाठ ताठ राहते."

दुसरं नाव होतं पट्टीचं. सहा महिन्यांपूर्वी आलेला हा इंजिनिअर खिशात सदानकदा स्टीलची पट्टी बाळगायचा, म्हणून पट्टी. माणूस गोड. "काका, हे कसं?" "ताई, ते कुठे?" दिवसभर भुंग्यासारखा या टेबलावरून त्या टेबलावर. फॉर्म हातात पडताच त्याने मला विचारलं, "सगळ्यांपुढेच खूण केली तर चालेल का हो?"

"खरंच सगळ्यांना विचारता?"

"नाही, चौदाएक जणांना. बाकीचे रागावतात."

फॉर्मांवर नावाऐवजी क्रमांक होते. मी ते एकामागून एक संगणकात भरले. कागदावर नावं वरून खाली होती, म्हणून तक्त्यातही प्रत्येकाचा फॉर्म वरून खालीच उतरवला, एकेकाला एकेक उभा रकाना. मग बटण दाबलं आणि पडद्यावर ठिपक्यांचं आभाळ उगवलं. मला इतका हर्ष झाला, की आभाळ सरळ आहे की उलटं, हे बघायचं सुचलंच नाही.

मालकांनी नकाशा टेबलावर पसरला. ठिपक्यांची नावं सांगायची नाहीत, असं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं. पण मी हौसेने खात्यांचे रंग दिले होते. कारखान्यात इंजिनिअर एकच, म्हणून हिरवा ठिपका एकच. घासायच्या चाकावर आत्या एकटी, म्हणून निळाही एकच. मालकांना ज्योतिषी लागला नाही.

"हिरव्याकडे चौदा जण येतात? सहा महिन्यांत? वा रे पठ्ठ्या!" मग त्यांचं बोट निळ्यावर थांबलं. "आणि आपल्या बाई तेवीस जणांना विचारत फिरतात? त्यांच्याकडे मात्र कुणीच येत नाही?"

मला चमत्कारिक वाटलं. पण नकाशा माझा, शिकलेली मी. मी मान हलवली.

"ठरलं तर," मालक म्हणाले. "सोमवारी पट्टीचं नाव लावतो."

रात्रीच्या जेवणाला बाबांनी बहिणीची फिरकी घेतलीच. "तेवीस जणांना विचारतेस होय ताई? आणि भाजीत मीठ कमी झालंय का, हे मला जन्मात विचारलं नाहीस."

"तुला काय विचारायचं? तुला दोन्ही वेळा खारटच लागतं."

सगळे हसलो. मी हळूच म्हटलं, "आत्या, तू खरंच इतक्यांना विचारतेस?"

"तुझं यंत्र म्हणतंय ना? एवढी शिकलेली तू, ते खोटं कशाला बोलेल?" आणि ती ताटं गोळा करायला उठली. ताटं नेहमीपेक्षा जरा जास्तच वाजली.

गुरुवारी मॅडमच्या खोलीत गेले. खोलीभर पुस्तकं, बसायला जागा करायची तर आधी तीन प्रबंध जमिनीवर ठेवावे लागत. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवून नकाशा पाहिला.

"यातल्या एका तरी माणसाला तू जवळून ओळखतेस?"

"हो. सात नंबर. आत्या आहे माझी."

"मग तिचा फॉर्म काढ. चित्रावर विश्वास ठेवायच्या आधी ओळखीचा एक ठिपका धरायचा आणि त्याचे बाण बोटाने मोजायचे. हे पुस्तकात मिळणार नाही तुला."

मी सात नंबरचा फॉर्म काढला. कोरा. एकही खूण नाही.

"बाई गं," मॅडम म्हणाल्या, "कोऱ्या कागदातून तेवीस बाण सुटले कसे?"

मी तक्ता उघडला. सॉफ्टवेअर समजत होतं की विचारणारा आडव्या ओळीत आहे, आणि मी त्याला घातलं होतं उभ्या रकान्यात. सगळे बाण उलटे फिरले होते. तेवीस माणसं आत्याकडे येत होती, आणि ती कुणाकडेच जात नव्हती. पट्टी बिचारा चौदा दारं ठोठावत होता, त्याच्या दारात चिटपाखरू नव्हतं.

"पहिल्या वर्षी माझंही झालं होतं," मॅडम म्हणाल्या. "मी तर शिपायालाच संचालक करून ठेवलं होतं. पळ आता, आणि जिथे हे दाखवलंस तिथे आधी जा."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी आत्याला गाठलं. ती डबा उघडत होती.

"आत्या, बाण उलटे पडले. चूक माझी. मालकांना सांगायला चाललेय."

तिचा हात झाकणावर थांबला. "सांगू नकोस. रागावले आणि कागद परत मागितले म्हणजे? तुझा प्रबंध होऊ दे आधी."

"तुला माहीत होतं ना, नकाशा चुकलाय ते?"

"मीच कोरा दिला होता, मला माहीत नसणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"सगळ्यांसमोर तुझं हसं करू?" ती डब्याकडे बघत म्हणाली. "आणि मला कुठे जायचंय नदीपलीकडे!"

मी तिचा हात धरला आणि डबा तसाच ठेवून तिला जिना चढून मालकांच्या खोलीत नेलं. नवा नकाशा पसरला. कुठे चुकले ते सांगितलं, एक शब्दही गिळला नाही. कान लाल झाले होते. मालकांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले, निळ्या ठिपक्याभोवतीचे बाण मोजले, आणि खुर्चीत मागे रेलले.

"चूक कळली. तुमच्या प्रबंधाचं आपण बघू. पण यात माझं काय बदललं?" ते आत्याकडे वळले. "बाई, मागल्या वर्षी मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, माझं काय अडलंय, द्या कुणालाही. मी नकार समजलो. पट्टी निदान 'हो' तरी म्हणाला."

खाली चाक कुणीतरी सुरू केलं होतं. काच चुकीची धरली असावी. आवाज फाटका येत होता. एरवी आत्या तेवढ्यावर धावली असती. आज जागची हलली नाही. पदराला हात पुसले, कोरडेच होते ते, पुन्हा पुसले.

"मी तसं म्हणाले खरं," ती म्हणाली. "तुम्ही पुन्हा एकदा विचाराल असं वाटलं होतं."

मालकांनी दोन्ही नकाशे बाजूला सारले.

"मला ती जागा हवी आहे, मालक. तेव्हाही हवी होती."