मोबाइलमधल्या डॉक्टरबाई

उंच उडी मारणारी पोरगी हल्ली मोबाइलवरून दुसऱ्याच डॉक्टरला गुडघा दाखवते, ही बातमी प्रशिक्षकानं सांगितली आणि डॉक्टरकाकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मैदानाला लागूनच त्यांचा दवाखाना. शाळेत असल्यापासून तिचा प्रत्येक मुरगळलेला घोटा त्यांच्याच हातांनी बरा झालेला. "गुडघा काय फोनमधून चाचपता येतो?" ते प्रशिक्षकावरच खेकसले. "उद्या फोनवरून पट्टीसुद्धा बांधतील!"

त्या दुसऱ्या डॉक्टरबाई कुठल्याशा दूरच्या शहरात बसायच्या. काकांनी गुपचूप त्यांचा फोटो शोधून पाहिला. वय कोवळं, हसू मोठं. मग तर ते आणखीच जळफळले. गुडघ्याची काळजी त्यांना होतीच, नाही असं नाही. पण पोरगी हातची गेली, हे त्याहून जास्त सलत होतं. तिनं परत यावं, आणि येताना जरा ओशाळून यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

एका दुपारी ती खरंच आली. काकांचा चेहरा खुलला. तपासणीच्या टेबलावर चढून तिनं पाय लांब केले आणि कापसाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला.

"काका, मॅडमना गुडघा दाबून बघायला कुणीतरी हवंय. म्हटलं, तुमच्याशिवाय कोण?"

म्हणजे अक्कल तिकडची आणि हात इकडचे! काका आतल्या आत धुमसले. तोवर बाईंनी नमस्कार करून, काकांनाही कळावं म्हणून, तिला पुन्हा विचारलंही होतं, दुखणं कधीपासूनचं आहे.

"गेल्या हंगामापासून," पोरगी म्हणाली. "जिना उतरताना कळ येते. उडी घेताना तर डोळ्यांपुढे अंधारीच."

काका बघतच राहिले. गेला हंगामभर ती याच टेबलावर बसायची आणि 'ठणठणीत आहे' म्हणून उठायची. त्या शब्दावर त्यांनीच तिला उडी मारायला सोडलं होतं.

"मला का नाही बोललीस?" बाईंचीही भीड न ठेवता ते ओरडले.

ती खाली बघत राहिली. "तुम्ही गुडघ्यावर हात ठेवला की लगेच विचारायचात, 'बरं वाटतंय ना आता?' इतक्या आशेनं विचारायचात, काका, की नाही म्हणवायचंच नाही. मॅडम नुसतं दुखतंय का विचारतात. हो म्हटलं तरी त्यांचं तोंड उतरत नाही."

पलीकडे बाईंनी नजर वळवून कागदावर काहीतरी लिहायला घेतलं, आणि त्यांच्या त्या समजूतदारपणाचासुद्धा काकांना रागच आला. मग बाई हळूच म्हणाल्या, "सर, गुडघ्याच्या वाटीचं खालचं टोक जरा दाबून बघता?"

काकांनी अंगठा ठेवला. ती जागा त्यांना झोपेतही सापडली असती. त्यांनी दाबलं, सवयीनं ओठांवर आलेला प्रश्न गिळला आणि दुसरा विचारला.

"दुखतंय का?"

"हो, खूप," ती म्हणाली. मोबाइलकडे बघून.