दादाकडची रिकामी जागा

इस्पितळाचा डेटा सांभाळणारी ही बाई म्हणजे हात आखडता घेण्यात पटाईत. नवीन खुर्ची मागा, महिनाभर थांबायला लावेल. एका बाबतीत मात्र तिचा हात भलताच सैल होता. इथल्या तपासण्यांचे फोटो रोज दुसऱ्या गावातल्या केंद्रावर कॉपी होत, आणि तिथली डिस्क तिला इथल्याहून बरीच मोठी हवी असे.

"अहो, जेवढं इथे तेवढंच तिथे. मग जास्तीची जागा काय नाचायला?" साहेब विचारत.

ती न कंटाळता सांगे, की नवी कॉपी नीट उतरेपर्यंत जुनीही ठेवावी लागते, शिवाय फोटो रोज वाढतात. जागा संपली की कॉपी होणं थांबतं. साहेबांच्या गळी हे उतरवता उतरवता तिच्या नाकी नऊ आले होते.

तिथलं केंद्र बघायचा तिचा सख्खा मोठा भाऊ. तिला या कामात आणलं त्यानंच, शिकवलंही त्यानंच. त्यामुळे इकडची गोष्ट दोनदा तपासणारी ही बया तिकडे नुसता फोन करायची.

"दादा, जागा आहे ना रे?"

"आहे गं. तू निर्धास्त राहा."

झालं. सख्ख्या भावावर कुणी पहारा ठेवतं का?

मग एके सकाळी मशीनच्या खोलीत पाण्याचा पाइप फुटला आणि इथल्या सगळ्या डिस्का गेल्या. मुलांच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. एका पोराच्या डोक्यातली गाठ किती वाढली, ते मागच्या आठवड्याचे फोटो शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नव्हतं. "मिळतील ना?"

"मिळतील," ती छातीठोकपणे म्हणाली आणि तिकडची डिस्क उघडली.

शेवटची कॉपी दोन महिन्यांपूर्वीची होती. तिनं भांडून राखलेल्या जागेत कुठल्याशा जाहिरात कंपनीचे व्हिडिओ ऐसपैस पसरले होते. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं फोन लावला.

"अगं, रिकामीच तर पडली होती," दादा म्हणाला. "आमच्या मॅनेजरना हवी होती. नाही कसं म्हणू? माझ्या बढतीचं चाललंय."

"आणि जागा संपल्याची सूचना?"

"सारखी यायची. बंद केली."

"मी दर आठवड्याला विचारत होते, दादा."

"तू उगाच डोक्याला ताप करून घेतला असतास."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तरी तिनं साहेबांपाशी त्याचं नाव घेतलं नाही. तोच सांगेल, असं तिला वाटत होतं. इतकी वेडी आशा.

दुपारी व्हिडिओ कॉलवर सगळे जमले. जागा कमी कशी पडली, साहेबांनी विचारलं. दादानं घसा खाकरला.

"आकडे तिकडूनच आले होते सर. मॅडमचा अंदाज चुकला असावा."

मॅडम! लहानपणी हिला सायकलवर डबलसीट नेणारा माणूस हा.

"खरंय का हे?" साहेब तिच्याकडे वळले.

"अंदाज बरोबर होता," ती म्हणाली. "मी फक्त एक गोष्ट तपासली नाही."

"कोणती?"

"माझा भाऊ."

दादानं खाली बघितलं. ती उठली. बाहेर बाकावर डॉक्टरीणबाई त्या पोराच्या आईजवळ बसल्या होत्या, आणि फोटो नाहीत हे त्यांना हिनंच सांगायचं होतं.